आधी तांब्या काढा

कुठल्याही शाळेतली चित्रकलेची वही उघडा, एक पान हमखास सापडतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघून थेट आपल्या पायाशी येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि वाकलेलं नारळाचं झाड. पक्षी म्हणून आकाशात चार-सहा वाकड्या खुणा. खाली लिहिलेलं, 'निसर्गचित्र'. मूल अनगोळचं असो की निपाणीचं, मराठी शाळेतलं असो की कन्नड, चित्र तेच! आता आमच्या अनगोळच्या शिवारात उभं राहून पाहिलं तर डोंगर दिसतो एकच, येळ्ळूरचा राजहंसगड, आणि तो काही त्रिकोणी नाही. भाताची खाचरं आहेत, उद्यमबागेच्या शेडी आहेत, रेल्वेचं फाटक आहे. यातलं काहीही वहीत उतरत नाही, कारण मुलाने ते चित्र शिवार पाहून काढलेलंच नसतं. पुढच्या बाकावरच्या मुलाची वही पाहून काढलेलं असतं.

हल्ली या वहीची जागा मोबाइलने घेतली आहे. दहा पायऱ्यांत गणपती, पाच पायऱ्यांत मोर. मुलं पायरीमागून पायरी चढतात, गणपती तयार होतो, आई कौतुक करते. त्यात वाईट काही नाही. पायरीपायरीने शिकायला माझा विरोध नाही, उलट दुसऱ्या कुठल्या रीतीने चित्र शिकता येतं असं मला वाटत नाही. प्रश्न एवढाच, की पायऱ्या चढून आपण पोचतो कुठे? दुसऱ्या कुणी आधीच काढून ठेवलेल्या गणपतीपाशी, की आपल्या देव्हाऱ्यातल्या गणपतीपाशी? पहिला गणपती पाठ झालेल्या मुलाला समोरचा तांब्या काढ म्हटलं, की ते गांगरतं. मग दहा-अकराव्या वर्षी कधीतरी 'मला चित्र येत नाही' असं ठरवून वही मिटतं, ती बहुधा कायमची. मी कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात विचारलं तर असं ठरवून बसलेले निम्म्याहून जास्त निघतात.

जुन्या लोकांनी यासाठी एक क्रम लावून ठेवला होता. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर सरहद्दीच्या दोन बाजूंना परीक्षांची नावं वेगळी झाली. तिकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, इकडे लोअर आणि हायर. आपल्याकडच्या कित्येक घरांत दोन्हींची प्रमाणपत्रं एकाच ट्रंकेत सापडतील! एलिमेंटरीचे विषय पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. समोर ठेवलेली वस्तू आणि आठवणीतलं चित्र हे दोन्ही एकाच परीक्षेत आहेत, ते उगाच नाही. जे कधी नीट पाहिलंच नाही, ते आठवणार कुठून?

तर तांब्या. घरातला कुठलाही चालेल, पितळेचा, तांब्याचा, स्टीलचा. तो टेबलावर ठेवा आणि आपण जरा लांब बसा. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरा आणि एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या काठाला भिडवून तळ जिथे येतो तिथे अंगठा ठेवा. ही उंची झाली. तेच माप आडवं करून पोटाच्या रुंदीशी ताडून पाहा. आमच्या तांब्याची उंची रुंदीच्या साधारण सव्वापट भरली, तुमच्याची वेगळी भरेल. कागदावर या मापाची फिकट चौकट आखा आणि मधोमध एक उभी रेघ ओढा. गळा कुठे सुरू होतो, पोट कुठे सर्वांत फुगलेलं आहे, तिथे आडव्या खुणा करा. मग रेघेच्या डाव्या बाजूला जेवढं अंतर, तेवढंच उजव्या बाजूला. एवढं झालं की तांब्या कलंडत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. तांब्याचं तोंड गोल असतं हे मुलाला माहीत असतं, म्हणून ते गोल काढतं. तांब्या जमिनीवर सपाट बसतो हेही माहीत असतं, म्हणून तळाला सरळ रेघ मारतं. परिणाम असा, की तोंड माळ्यावरून पाहिलेलं आणि तळ जमिनीवर झोपून पाहिलेला! डोळे त्याला दुसरंच काही दाखवत असतात, पण डोक्यात जे आहे ते जिंकतं. अशा वेळी समजावत बसू नये. तांब्या हळूहळू वर उचलून मुलाच्या डोळ्यांसमोर आणावा. खाली असताना तोंडाचं लंबवर्तुळ रुंद दिसतं, वर येता येता ते चपटं होत जातं आणि डोळ्यांच्या पातळीला आलं की नुसती रेघ उरते. म्हणजे जे डोळ्यांपासून जास्त खाली, ते जास्त उघडं. तळ तोंडापेक्षा खाली असतो, म्हणून त्याचं वळण अधिक गोलाईचं यायला हवं. हे एकदा कळलं की वाटी, बादली, घागर, पिंप, विहिरीचा काठ, सगळ्यांची किल्ली हातात आली. आणि लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोकं काढू नयेत. तो तांब्या आहे, करंजी नव्हे.

छायेचं सोपं आहे. उजेड एकाच खिडकीचा घ्यावा आणि डोळे किलकिले करून पाहावं. बारकावे पुसले जातात, उजळ आणि काळोखे भाग तेवढे उरतात. टेबलावर पडलेली सावली विसरू नये, नाहीतर तांब्या हवेत तरंगतो.

खुर्ची काढताना आणखी एक युक्ती करता येते. पाय काढूच नका, दोन पायांच्या मधली रिकामी जागा काढा. त्या रिकाम्या जागेला नाव नसतं, त्यामुळे डोकं मध्ये लुडबुडत नाही. अमेरिकेतल्या बेटी एडवर्ड्स या चित्रशिक्षिकेने १९७९ साली आपल्या पुस्तकात असाच एक प्रयोग सांगितला: नमुन्याचं चित्र उलटं ठेवून त्यावरून काढायचं. नाक, डोळा, हात असं काही ओळखू येत नाही, नुसत्या रेघा दिसतात, आणि दिसतात तशाच उतरतात. सुट्टीत घरी करून पाहा, मोठ्यांनीही.

बेळगावला या बाबतीत बाहेर शोधत जायचं कारण नाही. के. बी. कुलकर्णींसारखा चित्रकार-शिक्षक याच गावात होऊन गेला. १९३५ साली बेळगावात जन्मलेले आणि २०२२ मध्ये निवर्तलेले रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले. परांजप्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'ब्रश मायलेज'. गाडी किती मैल धावली ते विचारावं, तसं ब्रश किती चालला ते विचारायचं. त्या नावातच बरंचसं शिक्षण आलं.

आमच्या गल्लीत सध्या असंच मायलेज चाललंय. शेजारचं कौलारू घर दिवाळीनंतर पाडून तिथे स्लॅबची इमारत व्हायची आहे. त्या घरात गोकाककडच्या अज्जी आणि निपाणीच्या सूनबाई. सहावीतला नातू आजीशी कन्नड, आईशी मराठी आणि दोघींची एकदम समजूत काढायची असली की दोन्ही बोलतो. नव्या घरात जाणार नाहीत अशा वस्तूंचा ढीग पडवीत लागला, तेव्हा त्यातल्या एकेकीचं चित्र काढायचं त्याने ठरवलं. खाली दोन्ही नावं लिहायची, अशी अज्जींची अट. तांब्या आणि तंबिगे. विळी आणि ईळिगे. घागर आणि कोडा. सुपाला त्या 'मोरा' म्हणाल्या, तेव्हा त्याने कोपऱ्यात मोराचं पीसही काढून ठेवलं! जात्याचा खुंटा दोनदा चुकला. अज्जी चष्मा सावरत म्हणाल्या, "हिंगल्ल. सरियागि नोड." तिसऱ्यांदा जमला.

आता उखळ तेवढं राहिलंय. ते जमिनीत पुरलेलं आहे, वरचा गोल काठ फक्त दिसतो. मावशी, आतला भाग काढायचा का, असं त्याने मला विचारलं. दिसतंय तेवढंच काढ, असं मी म्हटलं. अज्जींनी मात्र काही न बोलता उखळात कोपरापर्यंत हात घालून खोली दाखवली. त्याने पेन्सिलीने तेवढं माप घेतलं आणि काठाखाली तुटक रेघ काढली.