कायदा दिल्लीचा, सही जिल्ह्याची, बंदूक कोणाची?

शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. तेव्हापासून आपल्या भागात बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतोच आहे. चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर, लग्नाच्या पंगतीत कुणी तरी म्हणतो, 'आता एक परवाना काढून ठेवायला पाहिजे.' पूर्वी हे बोलणारा ठेकेदार नाहीतर पुढारी असायचा. आता किराणा दुकानदार आणि शेतकरीही बोलतात. आपल्या समाजातले लोकही बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यामागची भीती खोटी नाही. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरमध्ये घरांवर आणि मस्जिदीवर जमाव चालून गेला. 30 मार्च 2025 ला, ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावात मस्जिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. अशा बातम्या वाचून घरातला कर्ता माणूस विचारात पडणारच.

पण परवाना काढा म्हणण्याआधी तो कोणाला मिळतो, कसा मिळतो आणि मिळाल्यावर काय होतं, हे पाहिलं पाहिजे. देशमुख प्रकरणानंतर बीडमधला हिशेब बाहेर आला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले आणि जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं सगळ्या महाराष्ट्राला कळलं. त्यांनीच तुलनेला दिलेला शेजारच्या परभणीचा आकडा होता 32. बीडचा माणूस परभणीच्या माणसापेक्षा चाळीस पट धोक्यात जगतो, असं कुणी म्हणेल का? पुढे तपासणीत असंही दिसलं की ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यांच्याकडेही परवाने होते. मग प्रशासन जागं झालं आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. आमचा प्रश्न साधा आहे. हे परवाने रद्द करता येत होते, तर दिले कुणी आणि नूतनीकरण कुणी केलं?

इथे कायद्याची रचना थोडी समजून घेऊ. शस्त्रं हा राज्यघटनेत केंद्राच्या यादीतला विषय आहे. शस्त्र अधिनियम 1959 संसदेचा, नियम 2016 चे केंद्र सरकारचे. राज्य सरकारला, जिल्हा परिषदेला, ग्रामपंचायतीला यात बदल करता येत नाही. 'आमच्या गावाला हा कायदा लागू नाही' असा ठराव ग्रामसभेने केला तर त्याची किंमत कागदाएवढीच. पण परवान्यावर सही असते जिल्हाधिकाऱ्यांची, आणि अर्जदार कसा माणूस आहे याचा अहवाल येतो जवळच्या पोलीस ठाण्यातून. कलम 13 मध्ये एक फट आहे. ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर योग्य वाटल्यास त्याची वाट न बघताही निर्णय घेता येतो. थोडक्यात, कायदा दिल्लीत कितीही कडक केला तरी त्याचा कस लागतो तो आपल्या ठाण्यात आणि जिल्ह्याच्या कचेरीत.

अमेरिकेत हा झगडा उघडपणे चालतो. 4 जुलै 2022 रोजी इलिनॉय राज्यात हायलँड पार्क गावाच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, सात माणसं मेली. त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये राज्याने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घातली. लगेच राज्यातल्या बहुतांश काउंट्यांच्या शेरीफांनी, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलीस प्रमुखांनी, जाहीर केलं की या कायद्यासाठी आम्ही कुणाच्या घरात शिरणार नाही. याच राज्यातल्या एफिंगहॅम काउंटीने 2018 मध्ये आपला भाग बंदुकीसाठी 'अभयक्षेत्र' असल्याचा ठराव केला होता. गंमत बघा, हा शब्द त्यांनी स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या शहरांकडून उचलला. माणसाला आसरा देणारा शब्द बंदुकीला लावला! पुढे व्हर्जिनियात शंभराहून जास्त स्थानिक संस्थांनी असे ठराव केले, तेव्हा राज्याच्या महाधिवक्त्यांनी सांगितलं की याला कायद्यात काही अर्थ नाही. ओरेगॉनमध्ये एका काउंटीचा असा नियम अपील न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये रद्दच केला.

आपल्याकडे असे ठराव होत नाहीत, म्हणून आपल्याकडे विरोध नाही असं समजू नये. तिथे शेरीफ छातीठोकपणे कायदा नाकारतो. आपल्याकडे कुणी काही नाकारत नाही. शिफारशीचं पत्र जातं, फोन जातो, नूतनीकरणाच्या वेळी जुना गुन्हा फाईलमध्ये दिसत नाही. तिथला शेरीफ निदान पुढच्या निवडणुकीत मतदारांना तोंड तरी देतो. इथे बाराशे परवान्यांमागे उभा राहणारा एक माणूस सापडत नाही. आम्हाला हा दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो.

आपला जिल्हाही यातून सुटलेला नाही. देशमुख यांच्या हत्येनंतर सरपंचांना संरक्षण द्या अशी मागणी राज्यभर झाली, आणि ती रास्तच होती. पवनचक्की प्रकल्पाच्या पहारेकऱ्याला मारहाण झाली तेव्हा मध्ये पडलेला हा सरपंच होता. पवनचक्क्या आपल्याही माळांवर उभ्या आहेत, त्यामुळे हे भांडण आपल्याला परकं नाही. पण त्याच डिसेंबरच्या अखेरीस तुळजापूर तालुक्यातल्या एका सरपंचाने आपल्या गाडीवर हल्ला झाल्याची तक्रार दिली. मोठी खळबळ उडाली. काही दिवसांनी पोलिसांनी तपासातून सांगितलं की हा बनाव होता आणि कारण होतं बंदुकीचा परवाना. खऱ्या धोक्यात असलेल्या सरपंचाचं यात किती नुकसान झालं असेल! पुढच्या वेळी कुणी खरी तक्रार घेऊन गेला तर समोरचा आधी संशयानेच बघणार.

आता आसामकडे बघू, कारण तिथे सरकारच बंदूक वाटायला निघालं आहे. 28 मे 2025 रोजी मुख्यमंत्री हिमंता बिस्वा सरमा यांच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की धुबरी, बरपेटा, नगाव अशा मुस्लिमबहुल भागांतल्या 'मूळनिवासी' लोकांना शस्त्र परवाने देताना सढळ धोरण ठेवायचं. ऑगस्टमध्ये त्यासाठी ऑनलाइन अर्जाची सोय झाली. कायद्यात एका अक्षराचा बदल नाही. पण एका वस्तीला सांगितलं की तुम्ही धोक्यात आहात, आणि दुसऱ्या वस्तीला न बोलता सांगितलं की धोका तुम्ही आहात. परवाना देण्याचा अधिकार स्थानिक सत्तेच्या मर्जीवर सोडला की तो कुठे जातो, हे यातून दिसतं. 'आपणही काढू या' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. परवाने सैल झाले तर ते आपल्यासाठी सैल होणार नाहीत.

म्हणून आमचं मत असं की या कायद्याची ढिली अंमलबजावणी कमजोरांच्या फायद्याची नाही. कडक आणि सगळ्यांना सारखी अंमलबजावणी मात्र आहे. न्यूझीलंडचं उदाहरण आपल्या काळजाला भिडणारं आहे. 15 मार्च 2019, जुम्याचा दिवस, क्राइस्टचर्चच्या दोन मस्जिदींत 51 जण शहीद झाले. मारेकऱ्याकडे रीतसर परवाना होता. नंतर नेमलेल्या रॉयल कमिशनने म्हटलं की परवाना देताना पोलिसांनी त्याची चौकशी नीट केली नव्हती. म्हणजे तिथेही फट कायद्याच्या पुस्तकात नव्हती, ठाण्यातल्या कागदात होती. त्या देशाने महिन्याभरात, 10 एप्रिलला, एक मत विरोधात पडून 119 मतांनी अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली आणि लोकांकडच्या पन्नास हजारांहून जास्त बंदुका पैसे देऊन परत घेतल्या.

आणि अर्धमसल्यात काय झालं? गावच्या सरपंचांनी पहाटेच पोलिसांना कळवलं, पोलीस आले, दोघांना अटक झाली. पहाटेचा तो फोन गावाच्या कामी आला.

शेतकऱ्यांची अडचण वेगळी आहे, तीही मांडायला हवी. रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात, 2024 च्या अखेरीस तर टिपेश्वरचा वाघ येडशीच्या अभयारण्यापर्यंत येऊन पोचला. पीक संरक्षणासाठी परवाना मागणारा शेतकरी आणि कमरेला पिस्तूल लावून रील काढणारा एका मापात मोजू नयेत. कलम 14 तर सांगतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि अपील करता येतं. गरिबाला ही कलमं कुणी वाचून दाखवत नाही.

आई-वडिलांसाठी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण आमच्या वर्गातून गेलेली मुलं यात अडकताना आम्ही पाहिली आहेत. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, व्हिडिओ टाकायचा, रात्री दहा लाईक आणि सकाळी पोलीस दारात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं शस्त्र नियमांत मोडतं. शेती आणि घरकामाच्या अवजारांना सूट आहे, पण केक हे शेतीचं काम नाही. कलम 4 लागू असलेल्या भागात अशा शस्त्रासाठी एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. ऑनलाइन मिळते म्हणून ती वस्तू कायदेशीर होत नाही. औरंगाबादेत 2018 मध्ये ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच होत्या. विनापरवाना गावठी कट्टा सापडला तर किमान दोन वर्षं. लग्नात हवेत गोळी झाडली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकदा असा गुन्हा नोंदला की पोलीस भरती, पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी, सगळीकडे तो आडवा येतो. मुलगा आपला असेल तर तो आणखी आडवा येतो, हेही आपल्याला माहीत आहे. बाजारातून किंवा मस्जिदीतून बाण नेणाऱ्याने त्याचं टोक हाताने धरून ठेवावं, कुणाला इजा होऊ नये, ही शिकवण आपल्याकडे हदीसमधून आलेली आहे. मुलांना ती सांगायला मौलानाच पाहिजेत असं नाही, घरातही सांगता येते.

बीडचा आकडा बाहेर आला तो कुणीतरी विचारला म्हणून. धाराशिव जिल्ह्याचा आपण विचारावा. जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज द्यायचा: जिल्ह्यात तालुकावार किती शस्त्र परवाने आहेत, त्यात पीक संरक्षणाचे किती, गेल्या पाच वर्षांत किती अर्ज नाकारले, आणि गुन्हा दाखल असलेल्या किती जणांचे परवाने आजही चालू आहेत. नावं मागायची गरज नाही, संख्या पुरेशी आहे. अर्ज मराठीत चालतो, विषय एकच ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही लागत नाही.