औषध मिळाले, अन्नाचे काय?

एड्स हा पूर्वीइतका जीवघेणा रोग राहिलेला नाही, असे आपण सारेच म्हणतो. आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारने त्यावरील औषधे मोफत देण्यास प्रारंभ केल्यापासून ते बव्हंशी खरेही आहे. मातेस वेळीच औषध मिळाले, तर बाळास बाधा होण्याचा संभव शेकडा पाचांहून कमी राहतो. न मिळाल्यास तोच पंधरा ते पंचेचाळीसपर्यंत जातो. ही प्रगती लहान नव्हे. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या समाधानास मर्यादा पडते.

१९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः कोरडवाहू. तेथील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस बाहेर पडतात. अशा घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला किंवा दगावला, की प्रथम मजुरी बुडते, मग दूध बंद होते, आणि शेवटी डाळ पातळ होते. ज्या बालकाच्या रक्तात रोगाचा अंशही नाही, तेही असे त्याचे भक्ष्य ठरते. ज्यास बाधा आहे त्याची गरज तर अधिकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते असे मूल वरकरणी धडधाकट असले तरी त्यास शेकडा दहा अधिक उष्मांक लागतात. वजन घटू लागल्यास पन्नास ते शंभर.

अंगणवाडीतून बालकास दररोज ५०० उष्मांकांचा आहार मिळतो, तीव्र कुपोषितास ८०० उष्मांकांचा. पण तो घरच्या जेवणास पूरक म्हणून ठरविलेला आहे. घरची चूलच विझली, तर पुरवणी ती कशास जोडावयाची? त्यातून नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल उसाच्या फडात, अशी स्थिती झाली म्हणजे तेवढाही घास चुकतो.

कोणी म्हणेल, अशा घरांची यादी करून त्यांना जादा शिधा द्यावा. आम्हांस हे मान्य नाही. ज्या दारी जादा शिधा उतरेल त्या दारावर रोगाची पाटी लागेल, आणि त्या भयाने माता शिधाच नाकारील. २०१७ च्या कायद्याने रोग्याची गुप्तता राखण्याचे बंधन घातले आहे, ते उगीच नव्हे.

तेव्हा रोग न विचारता वजन पाहावे. वजन घटलेल्या प्रत्येक बालकास, कारण कोणतेही असो, जादा आहार द्यावा. मूल जेथे जाईल तेथील अंगणवाडीने त्यास आपले मानावे. आणि एड्सग्रस्तांनाही लागू असलेले संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, जे २०२३ साली दरमहा १५०० रुपये झाले, ते विधवा मातेच्या हाती हेलपाट्यांवाचून पडावे. उपाशी पोटी घेतलेले औषध मातेस जगवील कदाचित. तिचे मूल मात्र त्याने वाढणार नाही.