हात वर झाला, तिथेच घसरला

जॉश टेलर २०२५ मध्ये डोळ्याच्या दुखण्यामुळे निवृत्त झाला. १९ विजय, ३ पराभव. आकडे झकास आहेत, पण माझ्या मते त्याचा घात केला तो एका 'विजया'नेच.

एडिनबराजवळच्या प्रेस्टनपॅन्सचा हा डावखुरा गडी. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन गेला. (आपल्याला तिथले घोटाळे तेवढे आठवतात!) मे २०२१ मध्ये लास वेगासला होझे रामिरेझला दोनदा लोळवून त्याने लाइट वेल्टरवेटचे चारही पट्टे पटकावले, तेही अवघ्या अठराव्या व्यावसायिक लढतीत.

मग फेब्रुवारी २०२२, ग्लासगो. जॅक कॅटरॉलने त्याला खाली पाडलं, बडवलं, आणि पंचांनी दोन विरुद्ध एक असा हात टेलरचा वर केला! माझ्या हिशोबात तो हरला होता राव. एका पंचाची तर नंतर पदावनती झाली.

त्या रात्री हरला असता तर? ६३.५ किलोत मावण्यासाठी शरीर पिळून काढणं आता झेपत नाही, हे मान्य करून तेव्हाच वरच्या गटात गेला असता. पण पट्टा होता ना! २०२३ मध्ये लोपेझकडून हरला, २०२४ मध्ये कॅटरॉलकडून. वेल्टरवेटला आला तो थेट मे २०२५ मध्ये, एकोव एसुमनविरुद्ध. तीही हरला, आणि तीच शेवटची.