विश्लेषण : गाडी नवी, तरी टायरचा आवाज का? टायर बदलण्याआधी काय तपासावे?

गाडी घेऊन दोन वर्षेही झालेली नसतात. मीटरवर २०-२५ हजार किलोमीटर, इंजिनाची तक्रार नाही, सर्व्हिसिंगही वेळेवर झालेले. तरीही ताशी ५०-६० किलोमीटरचा वेग ओलांडला की खालून, बहुतेकदा मागच्या बाजूने, घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. त्यावर दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरवर बहुधा एकच तोडगा सुचवला जातो : टायर बदला. चार टायरसाठी वीस-तीस हजार रुपये सहज जातात. पण आवाज टायरमधून येतो म्हणून दोष टायरचाच असतो असे नाही. अनेकदा तो चुकलेल्या अलाइनमेंटचा उशिरा मिळालेला पुरावा असतो. मूळ दोष तसाच राहिला, तर नवे टायरही काही हजार किलोमीटरनंतर तोच सूर लावतात.

अलाइनमेंट म्हणजे नेमके काय?

चाके गाडीच्या सांगाड्याला आणि रस्त्याला कोणत्या कोनात आहेत, याची जुळणी म्हणजे अलाइनमेंट. त्यात तीन कोन महत्त्वाचे. पहिला टो. वरून पाहिले असता चाकांची पुढची टोके आत वळलेली आहेत की बाहेर, हे तो सांगतो. दुसरा कॅम्बर. समोरून पाहिले असता चाक वरच्या बाजूने आत झुकले आहे की बाहेर, हे त्यावरून कळते. तिसरा कॅस्टर. स्टिअरिंगचा आस बाजूने पाहिल्यावर किती तिरका आहे, याचे ते माप असते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः कॅस्टरमुळे. टायरची झीज आणि आवाज यांच्याशी सर्वाधिक संबंध टोचा आणि त्याखालोखाल कॅम्बरचा.

बॅलन्सिंग ही वेगळी गोष्ट. चाकाच्या वजनाची वाटणी असमान असेल, तर ताशी ८०-१०० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरते. रिमवर लहान वजने लावून ते दुरुस्त होते. थरथर बॅलन्सिंगने जाते, पण टायरची वेडीवाकडी झीज त्याने थांबत नाही. दोन्ही कामे एकाच बिलात येत असल्याने हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

गाडी सरळ चालते, मग टायर का खाते?

‘गाडी एका बाजूला ओढत नाही, म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे’ हा सर्वांत मोठा गैरसमज. पुढची दोन्ही चाके सारखीच आत किंवा सारखीच बाहेर वळलेली असतील, तर दोघांची ओढ एकमेकांना काटते आणि गाडी सरळच जाते. टायर मात्र दोन्ही बाजूंना घासत राहतात.

हे घासणे किती? एका चाकाचा टो अवघ्या ०.१ अंशाने चुकला, तर भूमितीच्या हिशेबाने ते चाक दर किलोमीटरमागे साधारण पावणेदोन मीटर आडवे घासले जाते. म्हणजे १० हजार किलोमीटरच्या प्रवासात सुमारे साडेसतरा किलोमीटर. या आडव्या घासण्याने टायरच्या नक्षीतील प्रत्येक ठोकळ्याची एक कड गोलसर, तर दुसरी धारदार होते. करवतीच्या दात्यांसारखे हे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटू लागले की घुमणारा आवाज तयार होतो. वेग वाढला की त्याचा सूरही चढतो.

पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतांश छोट्या-मध्यम गाड्यांत, हा प्रकार मागच्या टायरवर जास्त दिसतो. त्यांच्यावर भार कमी असतो आणि इंजिनाची ताकदही येत नाही, त्यामुळे ठोकळ्यांची असमान झीज भरून निघत नाही. त्यातही झीज अनेकदा आतल्या कडेला होते. उभ्या गाडीकडे बाहेरून पाहणाऱ्याला टायर चांगला दिसतो. आतली कड गाडी लिफ्टवर चढल्याशिवाय दिसत नाही.

नव्या गाड्यांत हे जास्त का जाणवते?

पहिले कारण टायरचा आकार. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या श्रेणीत अनेकदा वेगवेगळे टायर असतात. १८५/६५ आर १५ या टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १२० मिलिमीटर भरते, तर १९५/५५ आर १६ या टायरची सुमारे १०७. रिम मोठे आणि भिंत बुटकी झाली की गाडी दिसायला रुबाबदार होते. पण खड्ड्याचा धक्का पचवायला रबर कमी उरते. तो धक्का रिम, टाय रॉड, बुश आणि बॉल जॉइंटपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात खड्ड्यांतून गेलेल्या गाडीची अलाइनमेंट बिघडते ती अशी.

दुसरे कारण शांत केबिन. इंजिनाचा आवाज कमी झाला की टायरचा उठून ऐकू येतो. विजेवरच्या गाड्यांत तर इंजिनच नसते. शिवाय बॅटरीमुळे त्या जड असतात आणि मोटरचा जोर क्षणात चाकांवर येतो, त्यामुळे झीजही लवकर होऊ शकते. म्हणूनच काही गाड्यांच्या टायरमध्ये आतून फोमचा थर दिलेला असतो. टायरमधील हवेच्या पोकळीत घुमणारा आवाज त्याने कमी होतो. करवती झिजेचा आवाज मात्र त्याने मिटत नाही.

तिसरे कारण इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. काही गाड्यांत ही यंत्रणा एका बाजूची सततची ओढ ओळखते आणि मोटरच्या साह्याने ती भरून काढते. चालवणाऱ्याचे हात दुखत नाहीत. पण पूर्वी हाताला मिळणारी सूचनाही मिळत नाही. मग पहिली खबर कानाला लागते आणि तोवर टायर खराब झालेला असतो.

आवाज टायरचा की बेअरिंगचा, कसे ओळखावे?

काही चाचण्या पैसे न मोजता करता येतात. रस्ता बदलला की आवाज बदलतो का, हे आधी पाहावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्गासारख्या सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांवर पकडीसाठी पृष्ठभाग खरबरीत ठेवलेला असतो. तेथे चांगला टायरही मोठा वाजतो. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर आवाज जवळपास नाहीसा होत असेल, तर तो रस्त्याचा. डांबरावर सूर बदलून पण कायम राहत असेल, तर टायरवर संशय घ्यावा. रस्ता कोणताही असो, आवाज तसाच राहत असेल आणि वळणावर भार एका बाजूला गेल्यावर कमी-जास्त होत असेल, तर व्हील बेअरिंग तपासायला हवे.

दुसरी चाचणी हाताची. गाडी उभी व टायर थंड असताना नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडे धार लागत असेल, तर करवती झीज सुरू झाली आहे. ठिकठिकाणी खळगे लागत असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे पाहावे. तिसरी चाचणी चाकांच्या अदलाबदलीची. पुढची चाके मागे आणि मागची पुढे केल्यावर आवाजाची जागाही बदलली, तर तो टायरचाच.

गाडी किंचित डावीकडे जात असेल, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालतो. सपाट रस्त्यावरही ओढ राहिली, तर पुढची दोन चाके आपसात बदलावीत. ओढीची दिशा उलटली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे, अलाइनमेंटमध्ये नाही. मात्र एकाच दिशेने फिरणारे टायर असतील, तर ही अदलाबदल करता येत नाही.

अलाइनमेंट करूनही आवाज का जात नाही?

याची तीन कारणे. एक, झिजलेली नक्षी अलाइनमेंटने परत येत नाही. कोन दुरुस्त झाले तरी करवती दाते तसेच असतात. टायर पुढच्या चाकांवर घेतल्यावर काही हजार किलोमीटरमध्ये ते थोडेफार सपाट होतात. झीज फार झाली असेल, तर तेही होत नाही.

दोन, अनेक गाड्यांत कारखान्याने दिलेली सोय फक्त पुढच्या टोपुरती असते. मागे टॉर्शन बीम असलेल्या बहुतेक गाड्यांत मागचे कोन फिरवायला बोल्टच नसतो. मागचे माप चुकलेले असेल, तर बुश, हब किंवा वाकलेला बीम तपासावा लागतो. पुढच्या चाकांचा टाय रॉड कितीही फिरवला, तरी मागचा टायर वाचत नाही.

तीन, कामाची घाई. अलाइनमेंटआधी चारही टायरची हवा गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवरील आकड्यानुसार हवी. टाय रॉड, बॉल जॉइंट, बुश ढिले नसावेत आणि स्टिअरिंग मध्यावर बांधलेले असावे. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

चालकाला मदत करणाऱ्या एडास यंत्रणेच्या गाड्यांत आणखी एक मुद्दा येतो. काचेमागचा कॅमेरा आणि पुढचा रडार गाडीची सरळ दिशा गृहीत धरून काम करतात. अलाइनमेंटने ती दिशा बदलली, तर स्टिअरिंगचा सेन्सर आणि कॅमेरा पुन्हा जुळवावे लागू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत तशी सूचना असेल, तर स्वस्तातले काम येथे महागात पडू शकते.

नियम काय सांगतात?

मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असायला हवी, असा नियम आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून ‘एआयएस-१४२’ या मानकाप्रमाणे टायरचा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि धावतानाचा आवाज या तिन्हींसाठी निकष लागू केले. पण त्यातला आवाज मोजला जातो तो नव्या टायरचा आणि गाडीबाहेरचा. वीस हजार किलोमीटरनंतर केबिनमध्ये काय ऐकू येईल, हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघात मे २०२१ पासूनच्या टायर लेबलवर बाहेरील आवाज डेसिबलमध्ये छापलेला असतो आणि ग्राहक दोन टायरची तुलना करू शकतो. आपल्याकडे दुकानात टायर निवडला जातो तो अजूनही भाव आणि विक्रेत्याच्या शब्दावर.

ग्राहकाने काय मागावे?

एक कागद. संगणकावर चालणारे प्रत्येक अलाइनमेंट यंत्र कामाआधीची आणि नंतरची मापे छापू शकते. चारही चाकांचे कोन, कंपनीने ठरवलेली मर्यादा आणि लाल-हिरवा शेरा, असे सगळे त्या एका पानावर असते. तरीही बिलावर ‘अलाइनमेंट केली’ एवढी एकच ओळ येते. ही पद्धत बदलायला हवी. मापांचा कागद मागितल्यावर नव्हे, बिलासोबत आपणहून मिळायला हवा. नवी गाडी ताब्यात देतानाही तो द्यायला हरकत नसावी. कारण असमान झिजलेला टायर सहसा वॉरंटीत बसत नाही. सुरुवातीपासूनच कोन चुकलेला होता की खड्ड्याने चुकवला, हा वाद उद्भवला तर ग्राहकाच्या हातात काहीच नसते.

कंपनीने वेगळे सांगितले नसेल, तर दर १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल, त्याच वेळी मापांची तपासणी आणि मोठा खड्डा बसल्यावर लगेच एक फेरी, एवढे पुरेसे आहे. गाडी लिफ्टवर असताना मागच्या टायरची आतली कड स्वतः पाहावी. तेथे धार लागू लागली असेल, तर टायरच्या दुकानाआधी अलाइनमेंटचे यंत्र गाठायला हवे.