रॅकेट आणि गाथा

आमच्या पेणच्या कॉलेजात तुकोबांचा अभंग शिकवता शिकवता मी विंबल्डनवर घसरतो, तेव्हा वर्गात हशा पिकतो. तुकोबा कुठे आणि टेनिस कुठे! पण वाचकहो, धागा अगदी सरळ आहे.

तुकोबांच्या गाथेचे साक्षेपी संपादन करणारे विद्वान शंकर पांडुरंग पंडित. त्यांची कन्या क्षमा १८९० सालची. ती लहान असतानाच वडील वारले. हीच पुढे पंडिता क्षमा राव झाली. ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसला छापणारी, तुकोबांचे चरित्र संस्कृतात रचणारी, आणि टेनिसही तितक्याच हौसेने खेळणारी!

तिची लेक लीला राव. १९३४ साली तिने विंबल्डनला एकेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे आईच्या संस्कृत कथांची तिने नाटकेही केली.

कोणी म्हणेल, मुंबईच्या डॉक्टराचे घर ते, तिथे सारे जमते. खरे आहे. आमच्या रोह्याच्या मुली तास संपला की एस.टी. गाठायला धावतात, मैदानावर उरतात ती मुलेच. पण लीलेच्या घरी पैशाखेरीज आणखी एक गोष्ट होती : खेळणारी आई.

तेव्हा भावांनो, यंदा भाऊबीजेच्या ताटात रॅकेट घाला. आणि आयांनो, लेक पुढच्या गाडीने आली, तर रागावू नका!