मचाणावरून दिसणारी लढाई

नेरच्या शिवारात रोही-रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जाणारा माणूस मचाणावर का चढतो, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. डोक्यावर गेलेल्या ज्वारीत उभं राहिलं तर चार हातांवरचं जनावर दिसत नाही. नकाशावर लढाई मांडून खेळायच्या युद्धखेळात हाच हिशेब असतो. १८२४ साली प्रशियात राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अशा खेळाचे नियम छापले. टेकडीआड किंवा रानात दडलेली शत्रूची पलटण पंच त्यात खेळाडूला दाखवतच नसे.

जमिनीच्या आडोशाने फौज दडवण्याची ही विद्या आपण मात्र घाटापुरतीच मानत आलो. २ फेब्रुवारी १६६१ला उंबरखिंडीच्या झाडीत दबा धरलेले शिवाजी महाराजांचे मावळे मोगल सरदार कारतलबखानाला कळले, ते पुढची-मागची वाट बंद झाल्यावर. त्या मोगली फौजेत रायबागन ही स्त्री सरदार होती, पैनगंगेपलीकडच्या माहूरची. शरण जा, असं तिनेच खानाला सांगितल्याचं शिवभारतात येतं. उंबरखिंड आपल्या मनात इतकी पक्की बसली, की वऱ्हाडची सपाटीही फौज लपवते आणि उघडी पाडते, हे इतिहास लिहिताना राहूनच गेलं.

तेल्हाऱ्याजवळचं अडगाव घ्या. २९ नोव्हेंबर १८०३. लांबची मजल मारून आलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली त्या दिवशी लढणारच नव्हता, मुक्काम करणार होता. वाटेतल्या एका गावच्या बुरुजावर चढल्यावर शिरसोली-अडगावच्या पलीकडे त्याला माणसांचा धूसर जमाव दिसला आणि बेत बदलला. नागपूरकर भोसल्यांची फौज, सोबत शिंद्यांचे स्वार. आपल्याच गढीच्या उंचीने आपलीच फौज परक्याला दाखवली, हे वाचताना आजही जीव तुटतो. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या, तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत ठाम उभ्या राहिलेल्या वेलस्लीच्या जवळपास तीन पलटणी पळत सुटल्या. तो जवळ होता म्हणून त्या पुन्हा उभ्या झाल्या.

अशा लढाईच्या नकाशावर बाण भरपूर असतात. बुरुज, पिकं, उतरता उजेड यांना तिथे जागा नसते. नोव्हेंबर सरताना कुठल्या जमिनीत ज्वारी उभी असते, कुठे कापणी आटोपते, तुरीत माणूस किती बुडतो, हे जागल केलेल्याला विचारून तो नकाशा पुन्हा काढला पाहिजे. विदर्भातल्या इतिहासाच्या विभागांनी हे काम हाती घ्यावं. आणि त्यावर वेळही मांडावी. आणखी तासभर उजेड असता तर शत्रूचा एकही माणूस निसटला नसता, असं वेलस्लीने लिहून ठेवलं आहे. त्याच्या घोडदळाला पाठलाग चांदण्यात करावा लागला.