घर बांधताना : भरवसा ठेवा, पण कागदावर

मैत्रिणींनो, घर पाहावं बांधून म्हणतात, ते खोटं नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं. ठेकेदार नात्यातल्याच कुणाच्या ओळखीचा. “वहिनी, घरचंच काम आहे,” म्हणायचा. मग लिहून कसं मागायचं? ‘लोखंड महागतंय’ म्हणून त्यानं पुढचे पैसे आधीच मागितले. हिनं बांगड्या गहाण टाकून दिले. स्लॅब झाला आणि ठेकेदार दिसेनासा झाला! दोन पावसाळे घर बिनगिलाव्याचं उभं होतं.

म्हणून सांगते, ठेकेदारानं आधी बांधलेली दोन-तीन घरं पावसाळ्यात जाऊन पाहा. तिथल्या घरधनिणीला विचारा, छत गळतं का? न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते का? काम बोललेल्या मुदतीत झालं का?

चौरस फुटाचा स्वस्त दर ऐकून हुरळून जाऊ नका. जिना आणि सज्जा मापात धरलाय का? पाण्याची टाकी, वायरिंग, रंग त्यातच की वेगळं? सिमेंट-लोखंड कुणी आणायचं, कुठल्या प्रतीचं? हे सारं, मुदतीसकट, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या करा.

पैसा कामाच्या मागून जावा, पुढून नव्हे. जोतं, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे ठरवा. टप्पा पुरा झाला, आपल्या (ठेकेदाराच्या नव्हे!) इंजिनिअरनं पाहिला, की मगच हप्ता द्यायचा, तोही चेकनं. शंभरातले पाच रुपये एक पावसाळा जाईपर्यंत हाती ठेवायचे, हेही करारातच लिहा.

आणखी एक. स्लॅबवर पाणी मारण्यात कुचराई नको. साध्या सिमेंटचं काँक्रीट निदान 7 दिवस आणि पीपीसी सिमेंटचं 10 दिवस सतत ओलं राहायला हवं. हे काम आपण जातीनं पाहू शकतो.

इतकं करूनही फसवणूक झालीच, तर रडत बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे करार, पावत्या आणि फोटो उपयोगी पडतात.

जाऊबाईंचं घर पुढे पुरं झालं. बांगड्या सुटायला मात्र तीन वर्षं लागली. लिहून मागितलं तर माणूस दुखावेल, असं तिला वाटलं होतं. अहो, ज्याच्या मनात खोट नाही, तो सही करायला कशाला कचरेल?